मातीला राहिलेलं गाणं

एंजेला गेली तेव्हा तिच्या मातीला पाच माणसं होती, आणि कोणीही गायलं नाही.

एप्रिल महिना, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. भिंगारच्या ख्रिस्ती कब्रस्तानात पाळकसाहेबांनी लांब उभं राहून, मास्कमधूनच दोन मिनिटांची प्रार्थना केली. एका बाजूला एंजेलाचे आईवडील, मरियाबाई आणि कृपादान भिंगारदिवे. दुसऱ्या बाजूला तिचा नवरा नोहा, आणि त्याच्यापासून चार पावलांवर त्याचा मित्र अजिनाथ. मरियाबाई चाळीस वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गात आलेल्या. मंडळीत कुणाचीही माती असली तरी त्या पहिल्या ओळीत उभ्या असायच्या. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही. खोऱ्यानं माती ओढल्याचा आवाज तेवढा बराच वेळ होत राहिला. मग सगळे आपापल्या घरी गेले, कारण थांबायला परवानगी नव्हती.

नोहा म्हणजे 'भट्टी'चा गिटारवाला. नगरमध्ये आज जे चाळिशीच्या पुढं आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना 'भट्टी' आठवते. नागापूरच्या एमआयडीसीत ओतकामाचा एक कारखाना होता, तिथं नोहा आणि अजिनाथ आयटीआय करून लागले होते. दिवसभर भट्टीपुढं उभं राहायचं आणि सुटी झाली की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटार जोडायच्या, असा त्यांचा क्रम. म्हणून बँडचं नाव 'भट्टी'. नोहा लीड वाजवायचा, अजिनाथ बेस, आणि मार्क नावाचा एक दांडगा पोरगा ड्रम. गाणी मराठीत, पण वाजवणं असं की शेडचा पत्रा थरथरायचा. अजिनाथचे आईबाप जामखेड तालुक्यातले, दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. त्यांना पोरगा काय करतो ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. लग्नात वाजवतो, एवढंच ते लोकांना सांगायचे.

बँडला गळा नव्हता. तो एंजेलाच्या रूपानं आला. नाताळच्या कार्यक्रमात ती एकटी गायली, आणि नोहा दुसऱ्याच दिवशी तिला विचारायला भिंगारला गेला. ती सहा वर्षं 'भट्टी'त गायली. मधेच त्यांचं लग्न झालं. पुण्याची कॉलेजं, मुंबई, बंगळूर, एकदा तर थेट शिलाँग. एक सीडी निघाली. तिच्यावर एंजेलाचा फोटो होता, घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले.

मग एक दिवस नागापूरच्या खोलीत भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पप्पा म्हणतात, आता हे पुरे. नर्सिंगला जा म्हणतात. मला त्यांचं मोडवत नाही."

नोहाला यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. कृपादान भिंगारदिवे लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन ते वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायचे. रॉकला ते 'पत्र्याचा आवाज' म्हणायचे. जावई झाल्यापासून नोहाशी त्यांचं बोलणं तीन शब्दांचं. आलात? बसा. जेवलात? तेही 'तुम्ही' म्हणून, लांब ठेवून.

एंजेला नर्सिंगला गेली. नोहानं दुसरी गायिका शोधली, तिसरी शोधली, पण बँड पुढं चालला नाही. मार्क आखातात गेला. अजिनाथ कारखान्यातच सुपरवायझर झाला. नोहानं नोकरी कधीच सोडली होती. तो सावेडीत गिटारचे क्लास घेऊ लागला, बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करू लागला. वीस वर्षं स्पीकरजवळ उभं राहून त्याच्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची बसली होती. एंजेला जामखेडच्या एका दवाखान्यात लागली. आठवड्यातून एकदा घरी यायची, थकलेली, पण चेहरा शांत. मूलबाळ झालं नाही. सासऱ्यांनी तिचं गाणं बंद केलं, हा राग नोहानं चौदा वर्षं बाळगला आणि एकदाही बोलून दाखवला नाही. ती कोविड वॉर्डात काम करता करता गेली, तेव्हा त्या रागाला धारच आली. गात राहिली असती तर आज जिवंत असती, असं त्याला वाटायचं. हे तो अजिनाथलाही बोलला नाही.

मातीनंतर त्यानं गिटारला हात लावला नाही. क्लास बंद पडले. दुरुस्तीची कामं तेवढी चालू होती, कारण तारा जोडायला मनाची गरज नसते.

दहा महिन्यांनी अजिनाथ आला आणि म्हणाला, "चल, गावाकडं जाऊ. माझ्या चुलतीला तुला भेटायचंय. ती एंजेलाच्या वॉर्डात होती."

अजिनाथची चुलती राहीबाई ओट्यावर उन्हात बसली होती. छाती अजून भरून यायची, म्हणून त्या वर्षी ती तोडीला गेली नव्हती. गाव निम्मं रिकामं होतं. तिनं नोहाकडं बराच वेळ बघितलं.

"तुमीच का शिस्टरचं मालक?"

"हो."

"बसा. मला लई दिस कुनाला तरी सांगायचं हुतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अकरा दिस हुते मी तितं. समद्यांची तोंडं झाकल्याली. बाई कोन, बाप्या कोन, काई कळत न्हवतं. पर ह्या शिस्टरचा आवाज वळखू यायचा. जवळ यायच्या अन् म्हनायच्या, मावशी, पाणी घेता का? मंग म्हनायच्या, खिडकी उघडू का? अन् जाताना म्हनायच्या, मी इथंच आहे. रोज त्येच. माझ्या शेजारची म्हातारी गेली, तिला बी त्येच म्हनत हुत्या. ती गेली तरी हात धरून म्हनत हुत्या, मी इथंच आहे."

नोहानं विचारलं, "गायची का कधी?"

"न्हाई बा. गात न्हवत्या. नुसतं बोलायच्या."

परत येताना आष्टीच्या पुढं नोहानं अजिनाथला गाडी थांबवायला सांगितली. दोन्ही बाजूला तुरीची काढलेली रानं. नोहा बांधावर जाऊन उभा राहिला, खिशातून मोबाईल काढला आणि त्यात हळू आवाजात गायला. एक ओळ. मग तीच ओळ निराळ्या सुरात. मग तिसऱ्या. अजिनाथ गाडीवर बसून राहिला. वीस वर्षांत त्यानं नोहाला गिटारच्या फाटक्या, गुरगुरत्या डिस्टॉर्शनशिवाय काही सुचलेलं पाहिलं नव्हतं.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"क्वायर आहे," नोहा म्हणाला. "अजून काय ते मला माहीत नाही."

पुढचं दीड वर्ष नोहा त्या सुरांच्या मागं लागला. मातीला जे गायला हवं होतं आणि राहून गेलं, ते त्याला लिहायचं होतं. शब्द शोधायची गरजच नव्हती. पाणी घेता का, हा पहिला भाग. खिडकी उघडू का, हा दुसरा. मी इथंच आहे, हा तिसरा. इलेक्ट्रिक गिटार त्यानं एकदा जोडून बघितली. तिच्यावर काहीही वाजवलं की ते स्टेजवरचं होऊन जायचं. ते त्यानं सोडलं. त्याला चार आवाजांचं क्वायर ऐकू येत होतं, खाली दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, आणि वर कुठंतरी एकच क्लॅरिनेट. क्लॅरिनेट का, हे त्यानं स्वतःलाही नीट विचारलं नाही. एंजेला सांगायची, लहानपणी मला कधी हाक मारून उठवलं नाही, पप्पांचा रियाज सुरू झाला की जाग यायची.

अडचण अशी, की नोहाला सूर लिहिता येत नव्हते. त्याची सगळी उमर कानावर गेलेली. चारही आवाज तो मोबाईलवर स्वतःच गायचा, एकावर एक चढवायचा, आणि ऐकून ऐकून कागदावर उतरवायचा. नोटेशन त्यानं व्हिडिओ बघून शिकून घेतलं, पंचेचाळिसाव्या वर्षी, शाळकरी पोरासारखं, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन. एका पानाला आठवडा लागायचा. घरात शांतता असली की डाव्या कानातली शिट्टी वाढायची, म्हणून तो पंखा लावून बसायचा.

तीन भाग झाले तेव्हा कागद दाखवायला नगरमध्ये एकच माणूस होता.

रविवारची उपासना संपल्यावर तो भिंगारच्या बाजाराजवळच्या घरी गेला. कृपादान खुर्चीत बसले होते. सत्त्याहत्तरावं वर्ष, पाठ अजून परेडवरची.

"सलाम पप्पा."

"सलाम. आलात? बसा. जेवलात?"

नोहानं कागद पुढं ठेवले. "मी काही लिहिलंय. तुम्ही बघावं म्हणून आणलंय."

कृपादाननी चष्मा लावला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. ओठ हलत होते, बोटं खुर्चीच्या हातावर ठोके देत होती. मरियाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाचव्या पानावर कृपादान थांबले.

"हे शब्द कुणाचे? चर्चच्या पुस्तकात तर नाहीत."

"एंजेलाचे," नोहा म्हणाला, आणि त्यानं राहीबाईनं सांगितलेलं सांगितलं.

कृपादाननी कागद नीट जुळवले, मांडीवर ठेवले. मग कागद घेऊनच ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. नोहा तासभर बसला. दार उघडलं नाही. मरियाबाईंनी चहा दिला, तो प्यायला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन आला.

"क्लॅरिनेटचा भाग सगळा चुकलाय. आमचं वाद्य लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली बोलतं. तुम्ही जे लिहिलंय ते वाजवलं तर क्वायर एकीकडं आणि क्लॅरिनेट दुसरीकडं जाईल. या इकडं."

तेव्हापासून दर गुरुवारी आणि रविवारी नोहा नागापूरहून भिंगारला जाऊ लागला. टेबलावर कागद पसरायचे आणि म्हातारा एकेक ओळ तपासायचा. इथं टेनरला श्वास घ्यायला जागा नाही. इथं व्हायोलाला तू, म्हणजे तुम्ही, उगीच बसवून ठेवलंय. असं ते 'तू' पहिल्यांदा तोंडातून निसटलं, आणि त्यांनी ते लगेच सावरून घेतलं. पण पुढच्या आठवड्यात सावरायचंही ते विसरले. लष्करात शिकलेलं सगळं त्यांच्याकडं होतं. कुठला सूर कुणाच्या अंगाला लागतो, कुठं दोन आवाज एकमेकांना झाकतात. नोहाकडं जे होतं ते त्यांच्याकडं नव्हतं. एकदा ते म्हणाले, "मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाजवलं. मला एक ओळ सुचली नाही."

भांडण झालं ते तिसऱ्या भागावरून.

'मी इथंच आहे' हा भाग नोहानं मोठा लिहिला होता. सगळं क्वायर एकदम, चारही तंतुवाद्यं ताणलेली, आवाज चढत चढत पार छताला. कृपादान त्यावर पेन्सिल ठेवून बसले.

"इथं एवढा दंगा कशाला?"

"तो दंगा नाही पप्पा. तो सगळ्याचा कळस आहे."

"हे तुझं स्टेजवरचं झालं. पत्र्याचा आवाज झाला."

नोहा उभा राहिला. चौदा नाही, आता सोळा वर्षं झाली होती त्या रागाला.

"त्याच पत्र्याच्या आवाजात ती सहा वर्षं गायली," तो म्हणाला. "ते तुम्ही बंद केलंत. तिला नर्स तुम्ही केलंत. तुम्ही हट्ट धरला नसता तर त्या वॉर्डात ती कशाला गेली असती?"

कृपादाननी पेन्सिल खाली ठेवली. ते बोलतील, ओरडतील, म्हणून नोहा थांबला, पण म्हातारा नुसता मान हलवत होता. हो, हो, असं. जणू हे कुणीतरी म्हणेल म्हणून तो वाट बघत होता.

नोहा निघून आला. त्या गुरुवारी गेला नाही, रविवारीही गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मरियाबाई रिक्षानं नागापूरला त्याच्या खोलीवर आल्या. त्या तिथं एंजेला असतानासुद्धा फारशा आल्या नव्हत्या. त्यांनी उंबऱ्यात चपला काढल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, पाणी मागितलं.

"यांनी जेवण टाकलंय," त्या म्हणाल्या. "मी तुला एक सांगायला आलेय. हे मी कुणाला सांगणार नव्हते."

नोहा समोर स्टुलावर बसला.

"पप्पांनी तिला नर्सिंगला जा म्हटलं होतं, ते खरं. पण ते लग्नाच्या आधी. लग्नानंतर एका शब्दानं म्हणाले नाहीत. बँड तिला स्वतःलाच सोडायचा होता."

"मग तिनं मला तसं का सांगितलं?"

"तुला सांगायचा धीर झाला नाही तिला. माझ्याजवळ येऊन रडली होती. म्हणाली, आई, त्या गोंगाटात मला माझाच आवाज ऐकू येत नाही. नोहाचा जीव आहे त्याच्यात, मी नको म्हटलं तर तो मोडून पडेल. म्हणून तिनं पप्पांचं नाव पुढं केलं. मला शपथ घातली. आणि पप्पांना वाटलं, आपण पूर्वी बोललो होतो ते पोरीनं मनाला लावून घेतलं. त्यांनीही कधी विचारलं नाही." त्यांनी पाण्याचा गिलास हातातच धरून ठेवला होता. "ती गेल्यावर तरी मी बोलायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, दोघांनी तिचा राग करण्यापेक्षा एकमेकांचा केलेला बरा."

नोहा उठून खिडकीशी गेला. समोरच्या कारखान्याचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, सायकली आणि मोटारसायकली फाटकातून बाहेर पडू लागल्या. त्याला आठवलं, शिलाँगच्या स्टेजवर ती डोळे मिटून उभी होती, सीडीवरच्या फोटोत होती तशीच, आणि त्याला वाटायचं ती सुरात बुडालीय. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. सहा वर्षं तो तिच्या शेजारी उभा होता आणि त्याला हे कळलं नाही.

"तिकडं वॉर्डात तिला बरं वाटायचं," मरियाबाई मागून म्हणाल्या. "म्हणायची, इथं माणूस हळू बोललं तरी ऐकू येतं."

"पप्पांना सांगितलंत?"

"नाही. माझ्यानं होत नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव."

नोहा त्यांना सोडायला भिंगारपर्यंत गेला. कृपादान त्याच खुर्चीत होते, दाढी वाढलेली. त्यानं जवळ स्टूल ओढलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. म्हातारा खाली बघत ऐकत राहिला. मरियाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

कृपादान म्हणाले, "म्हणजे माझ्या नावावर तिनं सुटका करून घेतली."

"हो."

"माझ्याकडं कधी काही मागितलं नाही त्या पोरीनं." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले, पुसून झाला तरी. "तेवढा तरी माझा उपयोग झाला तिला."

मग त्यांनी मरियाबाईंना सांगितलं, दोघांची ताटं वाढा म्हणून.

पुढच्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, चर्चमध्ये ते गायलं गेलं. क्वायरमध्ये सोळा माणसं, त्यातली अकरा साठीच्या पुढची. तंतुवाद्यांचे चौघं पुण्याहून आले होते, नोहाच्या जुन्या ओळखीनं. क्लॅरिनेट कृपादान वाजवणार होते. दहा वर्षं पेटीत पडलेलं वाद्य त्यांनी काढलं होतं, तोंडाशी वेताची नवी पट्टी बसवली होती. कवळीमुळं ओठांची पकड बसत नव्हती, तरी ते रोज सकाळी अर्धा तास वाजवायचे. गल्लीतली माणसं थांबून ऐकायची. तिसरा भाग नोहानं बदलला नव्हता. कृपादाननीही पुन्हा विषय काढला नाही.

ऐकायला साठेक माणसं असतील. 'भट्टी'चे जुने चाहतेही आठ-दहा आले होते, पोटं सुटलेली, मागच्या बाकांवर अवघडून बसलेली. अजिनाथनं राहीबाईला गावाहून आणलं होतं. ती चर्चमध्ये पहिल्यांदाच आली होती. चपला बाहेर काढून ती अगदी कडेला बसली.

पहिला भाग नीट गेला. मरियाबाईंचा आल्टो जुना होता, जरासा कापत होता, पण जागेवर होता. दुसऱ्या भागात व्हायोलिन थोडं पुढं पळालं, समोर उभं राहून ताल देणाऱ्या नोहानं ते हातानं ओढून आणलं. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला एकटं क्लॅरिनेट होतं, चार मापं, म्हणजे चार-चार ठोक्यांचे चार तुकडे. मग क्वायर येणार. नोहानं कृपादानकडं हात केला.

कृपादाननी वाद्य ओठाला लावलं. नुसता श्वास बाहेर आला, सूर नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. छाती वर आली आणि तशीच राहिली. मग त्यांनी क्लॅरिनेट हळूच मांडीवर ठेवलं आणि समोर बघत बसले. नोहाचा हात हवेत होता. तो ठोके मोजत राहिला. चर्चमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. सोळा ठोके झाले आणि त्यानं क्वायरला आत घेतलं. आवाज चढला, छताला गेला, आणि ठरल्यासारखा संपला. लोकांना वाटलं ते तसंच लिहिलेलं असेल. काही जण रडत होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली.

बाहेर झाडाखाली चहा होता. माणसं येऊन नोहाचा हात हातात घेत होती. पुण्याच्या चेलोवाल्यानं म्हटलं, हे पुण्यात करायला हवं. नोहा हो म्हणत होता आणि नजरेनं सासऱ्यांना शोधत होता. ते आतच बाकावर बसून होते. तो त्यांच्याकडं निघाला, तेवढ्यात राहीबाईनं त्याला अडवलं.

"आवडलं का मावशी?" त्यानं विचारलं.

"चांगलं झालं बाबा. लई मानसं जमली." ती जरा घुटमळली. "पर एक सांगू का? राग नगा मानू. शिस्टर येवढ्या जोरात न्हवत्या म्हनत त्ये. पाण्याचं इचारायच्या त्ये बी हळू. अन् मी इथंच आहे, त्ये तर निस्तं कानापाशी. दुसऱ्या खाटंला ऐकू जायचं न्हाई."

नोहानं तिच्याकडं बघितलं. "बरोबर आहे," तो म्हणाला.

तो आत गेला आणि कृपादानशेजारी बसला. क्लॅरिनेट त्यांनी पुसून पेटीत ठेवलं होतं.

"चार मापं गाळली मी," ते म्हणाले.

"ती तशीच राहू देऊ."

"माझ्याकडून होत नाही म्हणून लिहिलेलं कशाला बदलायचं? दुसरा कुणीतरी वाजवेल."

"नको. तिथं कुणीच नको," नोहा म्हणाला. "आणि पुढचं सगळं चुकलंय. तुम्ही म्हणाला होतात."

मी सांगितलं होतं, असं म्हातारा म्हणाला नाही. त्यानं हात पुढं केला आणि नोहाच्या आधारानं उठला.

पुण्याचं काही झालं नाही. चेलोवाल्याचे दोन फोन आले, मग थांबले. क्वायरमधला एक टेनर पावसाळ्यात वारला, दोघी मुलांकडं मुंबईला राहायला गेल्या. नोहा तिसरा भाग पुन्हा लिहितोय. मोठा आवाज काढून टाकणं सोपं गेलं. कानापाशी सांगितल्यासारखं सोळा जणांनी कसं गायचं, हे त्याला अजून उमगत नाही. वीस वर्षं त्यानं आवाज वाढवायचं काम केलं होतं. क्लास पुन्हा सुरू झालेत. एखादा विद्यार्थी 'भट्टी'ची जुनी सीडी घेऊन येतो आणि ताई काय गायल्यात म्हणतो, तेव्हा तो मान हलवतो.

कृपादानना आता डोळ्यांनी नोटेशन दिसत नाही. रविवारी नोहा जातो, दाराशी त्यांचा हात धरून आत नेतो आणि नवीन लिहिलेल्या ओळी त्यांना गाऊन दाखवतो, एकेक आवाज निराळा. ते डोळे मिटून ऐकतात, बोटांनी ठोके देतात. परवा आल्टोची ओळ चालू असताना मरियाबाई आतून म्हणाल्या, "तिथं अर्धा सूर खाली ये. तिथं तिला थांबवू नको." नोहानं ते लिहून घेतलं आणि पुन्हा गायला. ओळ अर्ध्यातच संपली.

"पुढं?" कृपादाननी विचारलं.

"पुढं अजून लिहिलेलं नाही, पप्पा."

"मग लिही," ते म्हणाले. "मी बसलोय."

नोहानं पेन्सिल उचलली. म्हाताऱ्याची बोटं खुर्चीच्या हातावर ठोके देत राहिली, आणि थोड्या वेळानं थांबली. त्यांना झोप लागली होती. नोहा आवाज न करता लिहीत बसला.